‘पाहिजे’ला इंग्रजीत काय म्हणावे?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



इंग्रजीचा विषय निघाला की आपल्याकडे स्पेलिंग आणि उच्चार यांचीच चर्चा फार होते. पाहुण्यांसमोर मुलाने चार वाक्ये फाडफाड बोलून दाखविली की वडील खूश होतात. मला आज कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शुड, विल, वुड आणि शाल या नऊ लहान शब्दांविषयी बोलावयाचे आहे. व्याकरणात त्यांना मॉडल ऑक्झिलरी म्हणतात. दिसायला सोपे असल्यामुळे त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. परंतु अर्ज नम्र वाटतो की उर्मट, सूचना सक्तीची आहे की ऐच्छिक, हे बहुधा याच शब्दांवर ठरते.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. “मला पुस्तक पाहिजे.” “मी अभ्यास केला पाहिजे.” “रात्री पाऊस पडला असला पाहिजे.” तीन निरनिराळे अर्थ, पण आपला ‘पाहिजे’ एकच. उर्दू माध्यमाच्या मुलांचे पहिल्या दोन वाक्यांत ‘चाहिए’ने भागते, तिसऱ्याला ‘होगा’ लागते. इंग्रजीत पहिले वाक्य ‘आय वॉन्ट अ बुक’ असे होते. त्यात मॉडल नाहीच. दुसऱ्यात ‘आय मस्ट स्टडी’ किंवा ‘आय शुड स्टडी’ यांपैकी एक निवडावे लागते. तिसरे ‘इट मस्ट हॅव रेन्ड’. म्हणजे ‘मस्ट’ कर्तव्यही सांगतो आणि अंदाजही, अगदी आपल्या ‘पाहिजे’सारखाच. अडचण येते ती मधल्या वाक्यात, कारण तेथे सक्ती किती हे बोलणाऱ्यालाच ठरवावे लागते.

आपल्या मुलांना हे अवघड जाऊ नये असे मला वाटते. मकतबमध्ये ती लहानपणीच शिकतात की सर्व गोष्टी एका पातळीवरच्या नसतात. फर्ज म्हणजे केलेच पाहिजे, तेथे ‘मस्ट’. मुस्तहब म्हणजे केलेले बरे, तेथे ‘शुड’. मुबाह म्हणजे करा किंवा करू नका, मोकळीक आहे, तेथे ‘मे’. मकरूहला ‘शुड नॉट’ आणि हरामला ‘मस्ट नॉट’. ही तुलना केवळ समजुतीसाठी आहे, तिच्यावरून कोणी फतवा काढू नये! पण एवढ्या पायऱ्या ज्याच्या मनात पक्क्या आहेत, त्याने ‘मस्ट’ आणि ‘शुड’ यांची गल्लत का करावी?

सर्वांत जास्त घोटाळा नकारात होतो. ‘मस्ट’ म्हणजे सक्ती, म्हणून ‘मस्ट नॉट’ म्हणजे सक्ती नाही, असा हिशेब मुले करतात. तो चुकीचा आहे. ‘मस्ट नॉट’ म्हणजे मनाई. सक्ती नसेल तर ‘नीड नॉट’ किंवा ‘डू नॉट हॅव टू’ म्हणावे लागते. मुसाफिराने रमजानचा रोजा त्याच दिवशी ठेवलाच पाहिजे असे नाही, तो नंतर कजा करू शकतो. येथे ‘नीड नॉट’. ईदच्या दिवशी मात्र रोजा ठेवूच नये. तेथे ‘मस्ट नॉट’. शाळेच्या सूचनेत फी माफ झालेल्या मुलांसाठी ‘नीड नॉट पे’ असेल तर भरण्याची गरज नाही. त्याऐवजी ‘मस्ट नॉट पे’ छापले गेले, तर फी भरणे हाच गुन्हा ठरला!

वाक्यरचना मात्र सोपी आहे. हे शब्द कर्त्याप्रमाणे बदलत नाहीत. ‘ही कॅन’ म्हणावे, ‘ही कॅन्स’ नव्हे. पुढचे क्रियापद मूळ रूपात येते, मध्ये ‘टू’ नको. प्रश्नात हाच शब्द कर्त्याच्या आधी जातो, ‘डू’ लागत नाही. दोन मॉडल शेजारी बसत नाहीत, म्हणून ‘विल कॅन’ न म्हणता ‘विल बी एबल टू’ म्हणतात. ‘आय कॅन एबल टू’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. त्यात ‘शकणे’ दोनदा आले.

आता अदबीविषयी. मराठीत तू, तुम्ही, आपण आहे, उर्दूत तू, तुम, आप आहे. इंग्रजीत मित्रालाही ‘यू’ आणि मुख्याध्यापकांनाही ‘यू’. मग आदर ठेवायचा कोठे? तो क्रियापदात ठेवावा लागतो. ‘कॅन यू हेल्प मी’पेक्षा ‘कुड यू हेल्प मी’ अधिक अदबीचे. ‘कुड’ हा ‘कॅन’चा भूतकाळ असे पुस्तकात वाचलेला विद्यार्थी येथे गोंधळतो. त्याने आपलेच बोलणे आठवावे. कचेरीत गेल्यावर आपण म्हणतो, “साहेब, आपल्याकडे एक काम होते.” काम तर आत्ताच आहे, मग ‘होते’ का? कारण ‘आहे’ म्हटले तर तगादा वाटतो. “आप से एक बात कहनी थी” यातही तेच. ‘आय वॉन्ट’ऐवजी ‘आय वुड लाइक’ म्हणण्यामागे हीच रीत आहे. रजेच्या अर्जात ‘यू मस्ट ग्रँट मी लीव्ह’ लिहिणाऱ्या मुलाच्या मनात उद्धटपणा नसतो, त्याने फक्त ‘रजा मिळाली पाहिजे’चे भाषांतर केलेले असते. वाचणाऱ्याला ते कसे कळावे? मुलाखतीत तर खुलासा करायलाही वेळ मिळत नाही.

‘शाल’विषयी थोडे. जुन्या शालेय व्याकरणांत ‘आय शाल, यू विल’ असा नियम असे. रोजच्या बोलण्यात आता ‘आय विल’च चालते. परंतु कायद्याच्या भाषेत ‘शाल’चे वजन मोठे आहे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३० ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. तेथे इंग्रजीत ‘शाल’ आहे आणि मराठी प्रतीत ‘असेल’. घरात आपण “असेल बुवा” म्हणतो तेव्हा शंका असते. या ‘असेल’मध्ये शंकेला जागा नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आलेला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला अनुच्छेद २१क पाहा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे बंधन राज्यावर ‘शाल’ने घातले आहे, तर ते कोणत्या रीतीने द्यावे हे कायद्याने ठरविण्याची मुभा ‘मे’ने दिली आहे. एकाच वाक्यात बंधनही आणि मुभाही.

शिष्यवृत्तीच्या आणि प्रवेशाच्या इंग्रजी अर्जांतही हेच शब्द असतात. कोणता दाखला जोडलाच पाहिजे आणि कोणता जोडला तरी चालेल, हे ‘मस्ट’, ‘शाल’ व ‘मे’ पाहून समजते. अर्ज भरण्यापूर्वी मुलांनी या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारावी. ज्या माता-पित्यांना इंग्रजी येत नाही त्यांनीही शेजारी बसावे आणि प्रत्येक रेघेवर बोट ठेवून एवढेच विचारावे, “बाळ, हे फर्ज आहे की मुबाह?”