ओढ्यातली अळी: आधी पाय पाहा



पाऊस ओसरला, की सह्याद्रीतले ओढे निवळतात.
अशा ओढ्यातला एक दगड उचलून पाहा.
त्यावर काहीतरी वळवळताना दिसेल.

ही माशीची अळी आहे का?
आधी पाय पाहा.
सांध्यांचे सहा पाय दिसले, तर ती माशीची नव्हे.
माशीच्या अळीला असे पाय नसतातच.
काहींना मऊ, बोथट उंचवटे असतात.
त्यांना पाय समजू नका.

आता खळाळत्या पाण्यातला दगड घेऊ.
त्यावर बारीक, काळपट अळ्यांची दाटी असते.
मागचं टोक गदेसारखं फुगीर.
ही रक्त पिणाऱ्या बारीक काळ्या माशीची, म्हणजे सिम्युलियमची अळी.

ती दगडावर रेशमाची गादी विणते.
मागच्या बारीक आकड्यांनी ती गादी घट्ट धरते.
डोक्यावर दोन पंखे असतात.
पंखे पसरून ती वाहत्या पाण्यातलं अन्न गाळते.
भिंगातून हे पंखे मिटताना नक्की पाहा.
माशी नकोशी, पण अळी मोठी देखणी!

धबधब्याच्या कातळावर आणखी एक अळी असते.
तिच्या पोटावर एका रांगेत सहा चूषक असतात.
त्यांच्या जोरावर ती धारेतही टिकते.
आपण मात्र त्या निसरड्या कातळावर चढू नये.

संथ पाण्याच्या गाळात लाल अळी सापडते.
ती कायरोनॉमिड नावाच्या बारीक माशीची.
हा लाल रंग हिमोग्लोबिनचा.
गाळात प्राणवायू कमी, तिथे तो कामी येतो.

आणि तीन शेपट्यांचा चपळ कीटक दिसला तर?
पुन्हा तेच, आधी पाय पाहा.
सहा भरले ना?
मग तो बहुधा मेफ्लाय नावाच्या वेगळ्या कीटकाचा बाल्यकीटक.