नादाला लगाम

मनुष्याच्या कंठाला समपातळी ठाऊक नाही. गाणारा एक शब्द कुजबुजल्यासारखा उच्चारतो आणि दुसऱ्याच क्षणी तारसप्तकात आवाज मोकळा सोडतो. मैफलीत हाच चढउतार श्रोत्याला सुखावतो. ध्वनिमुद्रणात मात्र त्या आवाजाशेजारी अनेक वाद्ये असतात. हळुवार शब्द वाद्यमेळात बुडतो, चढा सूर कानावर आदळतो. ध्वनिमुद्रकाने खुंटी फिरवून आवाज कमीअधिक करावा, तर हाताची चपळाई कंठाला पुरी पडत नाही. हे काम जे यंत्र करते, ते कॉम्प्रेसर, म्हणजेच ध्वनिसंकोचक.

त्याची रीत साधी आहे. प्रथम आवाजाला एक उंबरठा ठरवून द्यावयाचा. त्याच्या आत आवाजाने हवे तसे वागावे; उंबरठा ओलांडला की लगाम ओढला जातो. हा लगाम किती ओढावा, हे प्रमाणावरून ठरते. प्रमाण चारास एक असेल, तर उंबरठ्यावर १२ डेसिबल चढलेला आवाज ३ डेसिबलच चढतो. अशी शिखरे खाली आली की सगळा आवाज एकसारखा वाढविता येतो, आणि बुडालेला शब्द वर येतो.

परंतु खरे कौशल्य काळाच्या हिशेबात आहे. लगाम किती त्वरेने ओढावा आणि किती सावकाश सोडावा, याचे माप सेकंदाच्या हजाराव्या भागात असते. तबल्याच्या थापेवर तो तत्काळ ओढला, तर थापेची धारच बोथट होते; क्षणभर थांबून ओढला, तर धार राहते आणि मागची आस तेवढी आवरते. सोडण्यात घाई झाली, तर आवाज धापा टाकल्यासारखा वरखाली होतो.

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत जिम लॉरेन्स यांनी केलेला 'एलए-२ए' हा संकोचक गायनासाठी विशेष नावाजला. त्यात आवाज वाढला की एक पट्टी उजळते. तो उजेड प्रकाशसंवेदी रोधकावर पडतो, त्याचा रोध घटतो आणि आवाज आवरला जातो. उजेड मावळल्यावर रोधक आधी झटकन व मग सावकाश पूर्वस्थितीवर येतो. त्यामुळे गायकाला कोणी आवरले आहे, हे कानाला सहसा जाणवत नाही.

पुढे या सेवकाला धनी करण्याचा मोह बळावला. आपले गाणे शेजारच्या गाण्याहून मोठे वाजावे, या चढाओढीत संगीत इतके दाबले गेले की हळू आणि मोठे हा भेदच उरेना. २००८ मध्ये 'मेटॅलिका' या वृंदाच्या 'डेथ मॅग्नेटिक' या ध्वनिमुद्रिकेबद्दल खुद्द चाहत्यांनीच ही तक्रार केली. पुढे २०१० मध्ये युरोपीय नभोवाणी संघाने शिखराऐवजी कानाला भासणारी सरासरी पातळी मोजण्याची शिफारस केली. आज आंतरजालावरून गाणी ऐकविणाऱ्या अनेक सेवा निरनिराळी गाणी जवळपास समान पातळीवर आणतात. तेथे दाबून मोठे केलेले गाणे पुन्हा खालीच येते; गमावलेला चढउतार मात्र परत मिळत नाही.

लगाम घोड्याला चालविण्यासाठी असतो, जागीच जखडण्यासाठी नव्हे. ज्या मुद्रणात कुजबुज ऐकू येते आणि तरीही ती कुजबुजच राहते, तेथे ध्वनिसंकोचकाचे काम साधले, असे समजावे.