नाणी, पोथ्या आणि विषाणू



स्नेहसंमेलनातलं प्रमुख पाहुण्यांचं भाषण म्हणजे बक्षीस समारंभ आणि फिशपाँड यांच्या मधला अडथळा, याची मला कल्पना आहे. म्हणून एकच मुद्दा मांडतो, पण तो नीट मांडू द्या. कुठल्याही विद्यापीठातल्या पीएच.डी. प्रबंधांची यादी चाळली, की एका ओळीत बेडकांच्या जाती, दुसरीत यादवकालीन शिलालेख, तिसरीत साठवणुकीतल्या कांद्याची बुरशी, चौथीत प्राकृत व्याकरण आणि पाचवीत अभाज्य संख्या दिसतात. 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेच्या पोस्टरांमधून फिरणाऱ्याला तर जत्रेत आल्यासारखं वाटतं. मग पालकांच्या, संस्थाचालकांच्या आणि खरं सांगायचं तर विद्यार्थ्यांच्याही मनात प्रश्न येतो: यातलं कामाचं किती आणि हौसेचं किती? माझं म्हणणं असं, की विषयाचं नाव वाचून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. विषय एकमेकांना परके असतात. पुरावा तपासण्याची रीत मात्र एका विषयातून दुसऱ्यात सहज जाते, आणि ती पुढे कुठे कामी येईल हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे आपल्या मातीतलं उदाहरण घ्या. १९०७ साली गोव्यात जन्मलेला हा माणूस पेशाने गणिती, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारा. तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांकडे ते वळले तेव्हा अडचण ही होती, की या नाण्यांवर ना राजाचं नाव, ना साल, नुसते ठसे. कोणतं नाणं आधीचं आणि कोणतं नंतरचं, हे ठरवायचं कशावरून? कोसंबींनी तराजू घेतला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, म्हणजे त्याचं वजन घटतं. पण एकाच नाण्याचं वजन काही सांगत नाही, कारण पाडतानाच त्यात थोडा फरक पडलेला असतो. एकेका गटातल्या पुष्कळ नाण्यांची सरासरी काढली तर झीज दिसते. पाठीमागचे बारीक ठसे जितके जास्त, तितकी सरासरी खाली उतरलेली, म्हणजे नाणी तितकी जास्त फिरलेली, असं त्यांना आढळलं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. आपली रीत खरी कशावरून, हे पाहायला त्यांनी त्या वेळी चलनात असलेली, सालं छापलेली हजारो नाणी तोलली. उत्तर आधीच माहीत असलेल्या ठिकाणी रीत चालते का ते बघायचं, मग माहीत नसलेल्या ठिकाणी ती लावायची. माझ्या मते संशोधनाची सगळी नीतिमत्ता या एका कृतीत आहे.

हेच कोसंबी १९४४ साली अनुवंशशास्त्रात एक सूत्र मांडून गेले. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे संकराच्या आकडेवारीवरून काढायचं ते सूत्र. गहू-तांदळाच्या जनुकांचे नकाशे करणारे शास्त्रज्ञ आजही ते 'कोसंबी फलन' म्हणून वापरतात, आणि त्यातल्या अनेकांना हे कोसंबी भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती काढणारे आणि प्राचीन भारताचा इतिहास लिहिणारे कोसंबीच, हे माहीतही नसतं. नाणी, पिकं आणि सुभाषितं यांचा आपसात काय संबंध? विषय म्हणून काहीच नाही. संबंध आहे तो विखुरलेल्या, सदोष पुराव्यातून कमीत कमी चुकीचा निष्कर्ष काढायच्या सवयीचा.

कोणी म्हणेल, कोसंबी अपवाद होते. असामान्य माणसावरून नियम करू नका. हरकत रास्त आहे, म्हणून असं काम घेऊ जे अनेक माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली गेली आणि १९६६ साली ती पूर्ण झाली. या कामासाठी शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम, देवनागरी अशा निरनिराळ्या लिप्यांतली १२५९ हस्तलिखितं विचारात घेतली गेली. ती ताडून पाहायची कशी? लेखनिक नक्कल करताना चुकतो आणि पुढचा लेखनिक त्या चुकीचीही इमानेइतबारे नक्कल करतो. त्यामुळे दोन पोथ्यांत तीच वेगळी चूक सापडली, तर दोघींची पूर्वज पोथी एक असण्याचा संभव मोठा. अशा चुका जुळवत पोथ्यांची वंशावळ मांडायची आणि शक्य तितक्या जुन्या पाठापर्यंत पोहोचायचं. या कामाची पद्धत बसवणारे विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकून मग बर्लिनला संस्कृतकडे वळले होते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. आणि या पद्धतीची शिस्त किती कडक, तर व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही घराघरात माहीत असलेली कथा मुख्य संहितेतून निघून परिशिष्टात गेली, कारण पोथ्यांचा पुरावा तिच्या बाजूने नव्हता. गणेशोत्सवाच्या पुण्यात हा निर्णय घ्यायला विद्वत्तेइतकंच धैर्यही लागलं असणार.

आता विषाणूकडे या. करोनाच्या साथीत डेल्टा, ओमिक्रॉन ही नावं तुम्ही रोज ऐकलीत. एका प्रकारातून दुसरा निघाला की दोन्ही वेगळे वाढले, हे शास्त्रज्ञांनी कसं ठरवलं? विषाणू स्वतःच्या प्रती काढताना चुकतो, चुका पुढच्या प्रतींत उतरतात, समान चुकांवरून वंशावळ काढता येते. पोथ्यांचा तर्क आणि हा तर्क एकच आहे. ही नुसती उपमा नाही. १९९८ साली इंग्लंडमध्ये जीवशास्त्रज्ञ आणि साहित्याचे अभ्यासक एकत्र आले आणि सजीवांच्या वंशावळीसाठी केलेल्या संगणकीय पद्धती त्यांनी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'च्या हस्तलिखितांना लावल्या. तो निबंध 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापला गेला. रसायनाच्या प्रयोगशाळेतल्या मुलाने संस्कृत विभागाच्या दाराकडे कीव करून पाहू नये, ते एवढ्यासाठी. आणि उलटही.

खरी अडचणीची हरकत पुढे आहे. तुम्ही लागलेले नेम तेवढे सांगता. चुकलेल्यांची मोजदाद कोण करणार? बहुतेक प्रबंध कपाटात धूळ खातात, काही तर नुसत्या पदोन्नतीसाठी लिहिले जातात. हे खरं आहे. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला मान्यताप्राप्त यादीतून चार हजारांहून जास्त नियतकालिकं काढून टाकावी लागली. पण ती काढली गेली ती कामाचा आणि माहितीचा दर्जा तपासून. विषय परका म्हणून कुणाला वगळलेलं नव्हतं. बोगस काम सगळ्याच शाखांत होतं आणि उत्तम कामही सगळ्याच शाखांत होतं. कोसंबींचंच पाहा. १९५९ साली त्यांनी रीमानच्या सुप्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता म्हणून जे मांडलं, ते गणितज्ञांनी मान्य केलं नाही. नाण्यांवरची कीर्ती तिथे कामी आली नाही आणि यायलाही नको होती. दहा विषयांत हिंडायला कुणाची ना नाही, पण प्रत्येक विषयात त्या विषयाच्या कसोटीला उतरावं लागतं.

राहिला पैशाचा प्रश्न. गरीब देशाला असली चैन परवडते का? आपला देश संशोधनावर सकल उत्पादनाच्या एक टक्काही खर्च करत नाही. २०२०-२१चा आकडा ०.६४ टक्के आहे. त्यात पोथ्या-शिलालेखांच्या वाट्याला काय येत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. पण ही खरंच चैन आहे का, हे ठरवायला हळदीचं प्रकरण आठवून पाहा. जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. तिथे कामी आली ती जुन्या ग्रंथांतली आणि नियतकालिकांतली लेखी नोंद. आजी हळद लावायची, एवढं सांगून पेटंट कार्यालय ऐकत नाही; कुणीतरी जुना मजकूर जपलेला आणि वाचलेला असावा लागतो.

तरीही उपयोगाच्या या युक्तिवादावर मी पूर्ण भार टाकणार नाही. डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेला संस्कृतचा महाकोश घ्या. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि इतक्या वर्षांनंतरही छापील खंड 'अ' या अक्षराच्या पुढे गेलेले नाहीत. याने उद्या कुणाचा आजार बरा होणार नाही. पण एखादा शब्द कोणत्या काळात कोणत्या अर्थाने वापरला गेला, हे पुराव्यानिशी सांगणारी जागा देशात असावी की नसावी? असावी, असं मला वाटतं, आणि त्यासाठी हळदीच्या पेटंटाची साक्ष काढायची मला गरज वाटत नाही.

म्हणून संस्थाचालकांना माझी विनंती आहे: पटसंख्या घटली म्हणून पाली, अर्धमागधी किंवा संख्याशास्त्राचा वर्ग बंद करण्याआधी दहादा विचार करा. बंद केलेला वर्ग पुन्हा सुरू करायचा म्हटलं, तर तोवर शिकवणारा उरलेला नसतो. विद्यार्थ्यांना सांगणं एवढंच. परीक्षा संपली की आपल्या शाखेबाहेरच्या एका प्राध्यापकांना गाठा. 'सर, याचा उपयोग काय?' हे विचारू नका. तुम्ही काय शोधताय आणि तुमचं चुकलंय हे तुम्हाला कशावरून कळेल, एवढं विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.