भरती झालेल्या पोराचं घर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सैन्यातले अनुभव सांगायला सांगितलं. पण लढाईच्या गोष्टी सांगण्याचा खरा अधिकार असलेले माजी सैनिक इथे पुढच्या रांगेत बसले आहेत. मी सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम केलं. माझ्याकडे यायचे ते बहुतेक विशीच्या आतबाहेरचे जवान. अंगाने धडधाकट, पण पलटणीत मन रमत नाही, झोप नाही, जेवण जात नाही, असे. आपल्या शाळेतून दरवर्षी मुलं भरतीला जातात. तेव्हा आज त्या पोरांविषयी आणि मुख्यतः त्यांच्या घराविषयी बोलतो.

साडेसतरा-अठरा वर्षांचा मुलगा ट्रेनिंग सेंटरला पोहोचतो, तेव्हा एका दिवसात त्याचं सगळं बदलतं. पहाटेची शिट्टी, पीटी, उस्तादाचा हिंदीतला आरडाओरडा, चुकलं की रगडा, लंगरमधलं जेवण, रात्री एका बॅरेकमध्ये पन्नास अनोळखी माणसं. पहिले काही आठवडे जवळजवळ सगळ्यांनाच जड जातात. रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडलेले कितीतरी जण पुढे उत्तम सुभेदार झाले आहेत. थोड्यांचं मात्र गाडं अडतं. छाती धडधडते, पोट दुखतं, डोकं जड होतं. एमआय रूममध्ये गोळी मिळते, तपासण्यांत काहीच निघत नाही. मग सोबतचे म्हणतात, ‘बहाणे करतोय.’

वैद्यकशास्त्रात याला समायोजन विकार असं नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणानुसार आयुष्यात मोठा बदल झाल्यावर साधारण महिनाभरात तो सुरू होतो आणि बहुधा सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही. हे वेड नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे. पण हा फरक न कळल्याची फार मोठी किंमत जगाने मोजली आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द मांडला. त्याच युद्धात पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने आपल्याच शेकडो सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतले काही मनाने मोडलेले होते. अशा ३०६ जणांना ब्रिटिश सरकारने माफी दिली ती २००६ मध्ये, नव्वद वर्षांनी. घरच्यांनी तोवर पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घातली होती.

माझ्याकडे जवान आला की युनिटकडून त्याच्याबद्दल एक ठरावीक अहवाल यायचा. कामात कसा आहे, वागतो कसा, कधीपासून बदलला, वगैरे. तो मी वाचायचोच. पण खरी माहिती मिळायची ती साध्या प्रश्नांतून. घरी कोण कोण आहे? वडील काय करतात? घरात कोणी पितं का? कर्ज किती? घरी फोन केलास तर कोणाशी बोलतोस?

तीन मुलांचं सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिल्याला झोप लागत नव्हती. रात्री पहाऱ्याच्या बुटांचा आवाज आला की दचकून उठायचा. वडील दारू पिऊन येत आणि आईवर हात टाकत. हा थोरला, नववीपासून रोज मध्ये उभा राहायचा. आता तो शेकडो किलोमीटर लांब होता आणि मध्ये उभं राहायला घरात कोणी नव्हतं. अंग बॅरेकमध्ये, कान घराच्या दाराकडे. त्याला झोपेची गोळी देऊन काय होणार? मामा आईला काही महिन्यांसाठी घरी घेऊन गेला आणि त्यानंतर पोरगा झोपू लागला.

दुसऱ्याच्या वडिलांनी अॅकॅडमीची फी भरायला सोसायटीच्या कर्जाबरोबर सावकाराकडूनही पैसे घेतले होते. निवड झाली तेव्हा एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला, गुलाल उधळला, गाडीवरून मिरवणूक निघाली. ट्रेनिंगमध्ये पाय दुखावला, तो मागच्या बॅचला टाकला गेला, आणि त्याने बोलणंच टाकलं. आठवडाभराने मला म्हणाला, ‘सर, परत गेलो तर त्या फ्लेक्सखालून जावं लागंल.’ घरी त्याने दुखापतीचं काहीच कळवलं नव्हतं. रोज फोनवर एकच वाक्य, ‘मजेत आहे.’

तिसरा माझ्याकडे रुग्ण म्हणून आलाच नाही. दुसऱ्या एका मुलाला सोबत म्हणून घेऊन आला होता. आईवडील लहानपणीच गेले, आजीने मोलमजुरी करून वाढवलं. कागदावर पाहिलं तर याचंच जमू नये. पण तो म्हणाला, ‘मला इथं दोन्ही वेळचं जेवण वेळेवर मिळतं, आणखी काय पाहिजे?’ पलटण हेच त्याचं घर झालं होतं. शाळेत एका शिक्षकांनी त्याला दोन वर्षं स्वतःच्या डब्यातलं दिलं होतं, हे त्याने मला न विचारता सांगितलं.

पहिला आणि तिसरा, दोघेही कठीण घरांतले. एक अडला, एक रुजला. म्हणून मी घराकडे नशीब म्हणून बघत नाही. अमेरिकेत १९९८ साली साडेनऊ हजारांहून जास्त माणसांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी घरात मारहाण, व्यसन अशांतलं जितकं जास्त सोसलेलं, तितकं मोठेपणी नैराश्याचं आणि इतर आजारांचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. तिथे १९७३ मध्ये सक्तीची सैन्यभरती संपली. त्यानंतरच्या काळात स्वेच्छेने सैन्यात गेलेल्या पुरुषांमध्ये असं बालपण सोसलेल्यांचं प्रमाण इतर पुरुषांपेक्षा जास्त आढळलं, असं २०१४ च्या एका अभ्यासात आलं. म्हणजे काही मुलं नोकरीसाठी जातात, काही वर्दीच्या ओढीने, आणि काही घरापासून सुटायलाही जातात. पण हे आकडे समूहाचे आहेत. एखाद्या पोराच्या कपाळावर ते लिहिता येत नाहीत. घर कसंही असो, एक जरी मोठं माणूस भरवशाचं मिळालं, तरी मूल बरंच तगतं. ते माणूस आजी असेल, मामा असेल, शाळेतले गुरुजी असतील.

आता फोनविषयी. पूर्वी घरची बातमी पत्राने यायची, तोवर निम्मी भांडणं मिटलेली असायची. आता बांधावरून भाऊबंदकीत वाद झाला की अर्ध्या तासात जवानाच्या मोबाइलवर व्हिडिओ जातो. सासू-सुनेचं बिनसलं की दोघींचे वेगवेगळे फोन. तो बर्फात चौकीवर उभा असतो, हातात हत्यार असतं, आणि करता काहीच येत नाही. याच्या उलट काही घरं सगळंच लपवतात. आईचं ऑपरेशन झालं हे महिन्याने कळलं, की मग ‘सगळं ठीक आहे’ या शब्दांवर त्याचा कायमचा विश्वास उडतो. माझं सांगणं एवढंच, की अडचण सांगा, पण तिच्यासोबत आपण काय करतोय तेही सांगा. ‘आईला ॲडमिट केलंय, काका जवळ आहेत, डॉक्टरांनी धोका नाही म्हणून सांगितलंय.’ एवढ्यावर माणूस रात्र काढू शकतो.

जमिनीच्या वादाला वाटा आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. जवानाचा कमांडिंग ऑफिसर जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहू शकतो. १९२५ चा भारतीय सैनिक खटला कायदा आजही आहे. सीमेवर किंवा विशेष परिस्थितीत असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीत दिवाणी दावा परस्पर पुढे जाऊ नये, यासाठी तो केलेला आहे. गावातल्या वकील मित्रांनी हे त्या घरांना जाऊन सांगावं.

मुलगा उपचारासाठी दाखल झाला तर नोकरी गेली, असं घरच्यांना वाटतं. तसं नसतं. सैन्यात प्रकृतीची मोजणी ‘शेप’ नावाच्या पाच अक्षरांत होते आणि त्यातलं पहिलंच अक्षर मनाचं आहे. मग कान, हातपाय, शारीरिक क्षमता आणि डोळे. पाय मोडला तर काही काळ श्रेणी खाली येते, बरा झाला की वर जाते. मनाचंही तसंच. बरेच जण पुन्हा कामावर जातात. काहींना घरी यावं लागतं, तेही खरं. आणि २०२२ पासून अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलं कायम होतात. म्हणजे बाकीची मुलं बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी आपल्याच गावात परतणार आहेत. पहिल्या दिवसापासून हा घोर त्यांच्या डोक्यात असतो. परतलेल्या पोराला पारावर ‘काय रं, हाकललं का?’ असं विचारणारे आपणच असतो.

कोणी न सांगता घरी निघून आला, तर त्याला लपवू नका आणि मारूही नका. जेवू घाला, झोपू द्या, ऐकून घ्या आणि लवकरात लवकर युनिटला फोन करा. जितक्या लवकर तो हजर होईल, तितकं त्याच्या हिताचं. ‘जगण्यात अर्थ नाही’ असं कोणी बोललं तर ते नाटक समजू नका, त्याला एकटं सोडू नका. सरकारची टेली-मानस ही सेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तिचा खास कक्ष सुरू झाला आहे.

त्या फ्लेक्सवाल्या मुलाचे वडील दवाखान्यात आले होते. दोन रात्री एसटी आणि रेल्वेचा प्रवास, हातात भाकरीचं फडकं. फारसं बोलणारे नव्हते. पोराच्या खाटेजवळ बसून म्हणाले, ‘कर्ज माझं हाय, तुझं न्हाई. जमलं तर कर, न्हाईतर चल घरी.’ पोरगं खूप रडलं. घरी जायची मोकळीक मिळाली, आणि ते घरी गेलं नाही. पाय बरा झाल्यावर ट्रेनिंग पूर्ण करून पलटणीत गेलं.

म्हणून आज मी दोन गोष्टी मागतो. भरती झालेल्या मुलांचा सत्कार करा, फ्लेक्सही लावा. पण गाडीत बसवण्याआधी वडिलांनी, भावाने, नाहीतर गुरुजींनी त्याला बाजूला घेऊन तेच सांगावं, जे त्या बापाने दवाखान्यात येऊन सांगितलं. दुसरी विनंती इथल्या माजी सैनिकांना. यंदा आपल्या शाळेची जी मुलं जातील, त्यांतलं एकेक घर एकेकाने वाटून घ्या. महिन्यातून एकदा त्या घरी चहाला जा आणि पोराशी फोनवर दोन शब्द बोला. ‘मजेत आहे’ या शब्दांमागचा आवाज तुम्हाला लगेच ओळखता येईल, कारण तुम्हीही तो कधीतरी काढलेला आहे. नावांची वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली आहे. जेवणाआधी तिच्यात आपलं नाव लिहावं.