घरची वाणी आणि वर्गातील मौन

(राहुरी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपण आज केला, हे उचितच झाले. परंतु दोन शब्द बोलण्याची विनंती होताच बहुतेकांच्या माना खाली जातात, हे प्रतिवर्षी दृष्टीस पडते. मुळाकाठच्या मळ्यांत आणि बाजारात हीच मुले अस्खलित बोलतात. मग त्यांची वाणी येथेच का आटते? घरची बोली अशुद्ध, हा समज त्यांच्या मनात लहानपणीच रुजतो, हे आमच्या मते त्याचे कारण होय. चुकण्याच्या भयाने मूल बोलत नाही. आणि जे बोलतच नाही, त्याची भाषा सुधारणार कशी?

यावरील उपाय घरातच आहे. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घ्या. वाटेत एकेक श्वापद म्हातारीस अडविते व ती प्रत्येकास तेच उत्तर देते. वर्गात ही पात्रे वाटून दिल्यास प्रथम अडखळणारे मूल तिसऱ्या खेपेस तेच वाक्य निर्भयपणे उच्चारते. कोडे घालणे म्हणजे वस्तूचे नाव न घेता तिचे रूप व उपयोग नेमक्या शब्दांत सांगणे. वर्णनाचा याहून उत्तम पाठ कोणता? श्रावणातील कहाणी प्रसंगांचा क्रम राखावयास शिकविते. गोष्ट प्रथम बोलीत सांगू द्यावी, मग तीच प्रमाण भाषेत सांगवावी. अशाने एक भाषा न टाकता दुसरी हाती येते.

हा विचार नवा नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. पुढे कोसबाड येथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या परिसरातूनच शिक्षणाची साधने घेतली.

मार्च २०१९ च्या शालान्त परीक्षेत भाषाविषयांचे २० अंतर्गत गुण नव्हते. २०२० साली ते पुन्हा आले. गुण येतील आणि जातील. परंतु मुलाखतीत, ग्रामसभेत अथवा कचेरीत आपले म्हणणे मांडता न येणाऱ्यास गुणपत्रिका तारीत नाही.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि जात्यावरच्या ओव्या थांबल्या. गोष्टींचेही तसेच होऊ नये. ही संपत्ती कोणा एका ज्ञातीची नाही; ती सर्वांची आहे. म्हणून आमची सूचना अशी की, पुढील वर्षापासून गुणांच्या पारितोषिकांबरोबर एक पारितोषिक आजीकडून ऐकलेली गोष्ट हाती कागद न घेता सांगणाऱ्या मुलास द्यावे, आणि स्थानिक शाळांतील सर्व मुलांना त्यात भाग घेऊ द्यावा.