ओढा कुठे गेला?

(कोंढव्यात युवकांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी सात वर्षांचा असताना अब्बांनी भवानी पेठेतली खोली सोडून कोंढव्यात फ्लॅट घेतला. समोर ज्वारीचं शेत होतं, कडेने ओढा वाहायचा. आज त्या ओढ्यावर स्लॅब आहे आणि स्लॅबवर आमच्या सोसायटीचं पार्किंग. माझी गाडीही तिथेच लागते. हे आधी सांगतो, कारण आता मी बिल्डर आणि पालिकेबद्दल बोलणार आहे.

पुण्याच्या दक्षिणेला टेकड्या आहेत. त्यांच्यावरचं पावसाचं पाणी ओढ्यांनी खाली नदीकडे जायचं आणि वाटेत शेतजमीन त्यातलं बरंच मुरवून घ्यायची. आता टेकडीचे उतार कापलेत, शेतावर काँक्रीट आलंय, ओढा पाइपात गेलाय. पाणी मुरत नाही, म्हणून उन्हाळ्यात बोअर आटते. आणि तेच पाणी पावसाळ्यात जिना चढून घरात येतं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने काय केलं, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. त्याच वर्षी 29 जूनला, मुसळधार पावसात, इथे कोंढव्यातच एका सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. 15 जण गेले, त्यात लहान मुलंही होती. बिहारहून इमारती बांधायला आलेली ही माणसं भिंतीच्या पायथ्याशी पत्र्याखाली झोपली होती.

शहर मात्र पसरतच आहे. 2017 मध्ये उंड्रीसह 11 गावं पालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23. हद्द एका अधिसूचनेने वाढते. जलवाहिनी आणि ड्रेनेज यायला वर्षं जातात. मधल्या काळात लोक काय पितात? जानेवारी 2025 मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी या नव्याने आलेल्या भागांत जीबीएसचे रुग्ण वाढले. चालती-फिरती माणसं हातपाय लुळे पडून व्हेंटिलेटरवर गेली. संशय गेला तो पाण्यावर.

आपल्या वस्तीत यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: "आपल्याला दुसरीकडे घर देतं कोण? मिळेल तिथे राहिलो." हे खोटं नाही. नाव ऐकून फोन ठेवणारे घरमालक मलाही भेटलेत. पण ओढ्यावर स्लॅब टाकायला आपल्याला कुणी भाग पाडलं नव्हतं. सोसायटीच्या सभेत मी तो काढायचा विषय मांडला, तर चेअरमनसाहेब म्हणाले, "मग गाड्या तुमच्या घरात लावायच्या का?" सगळे हसले. खरं सांगतो, मीही हसलो आणि खाली बसलो.

त्यानंतर मी भूमी अभिलेख कार्यालयातून गावाच्या जुन्या नकाशाची प्रत काढली. ओढा त्यात आहे, आमच्या पार्किंगच्या बरोबर खालून. ती घेऊन मी पुढच्या सभेत पुन्हा उभा राहणार आहे. मशिदीच्या कमिटीशीही बोलणं सुरू आहे: रमजानमध्ये आपण टँकर मागवतो आणि वजूचं सगळं पाणी गटारात सोडतो; ते शोषखड्ड्यात नेता येईल.

नकाशाच्या प्रती मी आणल्यात. रविवारी फजरनंतर आपण उंड्रीकडून खाली ओढ्याच्या काठाने चालत येऊ; जिथे काठ सापडणार नाही, तिथे खूण करू. चपला नकोत, बूट घाला. काचा फार आहेत.