घरातली सून आणि परदेशातली नोकरी

(रत्नागिरीतील मेळाव्यात केलेल्या भाषणातून)

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात परिचारिका आणि आजारी-वृद्धांची देखभाल करणाऱ्याही आल्या. जर्मनीत या कामाचं रीतसर शिक्षण तीन वर्षांचं असतं आणि शिकाऊ मुलीला पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची कूस बदलायची, गिळता न येणाऱ्याला भरवायचं, माणसं न ओळखणाऱ्याशी बोलायचं, हे सगळं तिथे शिकवतात.

आता आपल्याकडे बघा. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बाया होत्या. पुरुष मुंबईला, घरी सासूसासरे आणि सून. हीच कामं ती वर्षानुवर्षं करते, आणि विचारलं तर म्हणते, ‘मी काही करत नाही, घरीच असते.’

म्हणून मुली निघाल्या तर मी अडवणार नाही. पण सहीआधी विचारा: करार कोणत्या भाषेत आहे? भाषेच्या वर्गाचे पैसे कोणाचे? शिक्षण मध्येच सुटलं तर कर्ज कोणाच्या डोक्यावर? पासपोर्ट कोणाकडे राहणार? दलालाची तोंडी उत्तरं नकोत, कागदावर घ्या.

आणि मुलगी गेल्यावर इथली म्हातारी कोण बघणार? वाडीतलीच एखादी गरजू बाई, मिळेल त्या पैशांत. घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, पण तो कल्याण मंडळ देतो, मजुरीचा दर नाही. तो दर आपण वाडीवाडीच्या बैठकीत ठरवू या, रात्रपाळीचा वेगळा धरून.